नेड लँडच्या वतीने

ज्यूल व्हर्नच्या 'समुद्राखाली वीस हजार लीग' या कादंबरीला आपल्या शाळांतून हल्ली पोथीची कळा आली आहे. पोथी सोवळ्यात ठेवतात, तिला फूल वाहतात, आणि ती सोडून वाचण्याचा त्रास सहसा कोणी घेत नाही. गेल्या साली आमच्या शाळेच्या बक्षीससमारंभाला एक विद्वान पाहुणे आले होते. त्यांच्या नावामागे पदव्यांची अशी माळ होती की निमंत्रणपत्रिका छापणाऱ्याला टाइप बारीक घ्यावा लागला. त्यांनी मुलांना सांगितले की, ही कादंबरी म्हणजे विज्ञानाने अंधश्रद्धेवर मिळविलेल्या विजयाची गाथा होय. खलाशी राक्षसावर विश्वास ठेवतात, प्रोफेसर पुरावा मागतो. खलाशी घाबरतात, प्रोफेसर अभ्यास करतो. तेव्हा मुलांनो, तुम्ही प्रोफेसर व्हा! टाळ्या झाल्या. मीही वाजविल्या. मुख्याध्यापक शेजारी बसले असता टाळ्या न वाजविणे ही चैन मास्तराला परवडत नाही.

दिवाळी अंकाच्या पानावर मुख्याध्यापक बसलेले नसतात. म्हणून येथे सांगून टाकतो की, पाहुण्यांनी ते पुस्तक वाचलेले नव्हते, किंवा फार लहानपणी वाचले असावे. वीस हजार लीग ही समुद्राची खोली आहे, असेही ते म्हणाले. ती खोली नव्हे, ती 'नॉटिलस'ने पाण्याखालून कापलेली वाट आहे. लीग चार किलोमीटरांची धरली तर वीस हजार लीग म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर होतात. एवढे खोल जायचे तर पृथ्वी आरपार भोसकून पलीकडे पुष्कळ दूर निघावे लागेल. पण हा तपशील सोडून देऊ. माझा वाद गाथेशी आहे.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. तीनचार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन लोकांनी वाचल्या. तेव्हा फ्रेंच वाङ्मयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील तर त्याला माझ्याजवळ एकच उत्तर आहे. मी हे पुस्तक वर्गात अनेकदा मोठ्याने वाचले आहे. आणि मोठ्याने वाचताना पुस्तक आपले खरे रूप लपवू शकत नाही.

काय आहे ते रूप? १८६६ साली जगाच्या निरनिराळ्या समुद्रांत एक प्रचंड, वेगवान, मधूनच चमकणारी वस्तू जहाजांना दिसू लागते, आणि तेथून कथा सुरू होते. विद्वत्सभा आणि वर्तमानपत्रे यांत ताबडतोब दोन तट पडतात. एक मानणारांचा, दुसरा न मानणारांचा. दोन्ही तटांत विद्वान आहेत, दोन्ही तटांत मूर्ख आहेत, आणि व्हर्न दोघांनाही सारखाच हसतो. पुढे 'स्कोशिया' नावाच्या आगबोटीच्या बुडाशी चार सेंटिमीटर जाडीच्या पत्र्याला भोक पडलेले आढळते आणि न मानणारांचा तट ढासळतो. पण तो ढासळतो कशामुळे? पुराव्यामुळे? छे! दरवर्षी बेपत्ता होणारी दोनशेवर जहाजे या प्राण्याच्या खात्यावर मांडली जातात, समुद्रावरचा प्रवास धोक्याचा झाला अशी ओरड होते, आणि समुद्र साफ करा अशी लोकांची मागणी येते. भीती आणि व्यापार यांनी मिळून त्या राक्षसाला अस्तित्व दिले. आपल्याकडे पुष्कळ देवदेवस्की अशाच रीतीने अस्तित्वात आली, हे आमच्या पाहुण्यांना मान्य व्हावे.

आता प्रोफेसर आरोनाक्स. पॅरिसच्या निसर्गेतिहासाच्या संग्रहालयातला हा माणूस. खोल समुद्राच्या रहस्यांवर त्याने दोन जाडजूड खंड लिहिले आहेत. साहजिकच न्यूयॉर्कचे वर्तमानपत्र त्याच्या मागे लागते. भोक तर असे पडले आहे की एखाद्या यंत्राने कापावे तसे: त्रिकोणी, दोन बाजू सारख्या, कडा स्वच्छ. लोहाराच्या पोराला विचारले असते तर त्याने सांगितले असते की हे हत्याराचे काम आहे. प्रोफेसरांच्या मनातही पाण्याखालून चालणाऱ्या बोटीचा विचार येऊन जातो. पण एवढे यंत्र कोणा खाजगी माणसाला बांधता येणार नाही आणि कोणा सरकारला लपविता येणार नाही, असा तर्क करून ते तो विचार टाकून देतात आणि जाहीर करतात की हा एक अजस्र, शिंगवाला, नार्व्हाल जातीचा देवमासा आहे! शिवाय लेखात एक पळवाटही ठेवतात. उद्या चूक ठरलो तर अमेरिकन लोक हसतील, ही धास्ती त्यांना आहे, आणि ते ती प्रामाणिकपणे आपल्याला सांगतात. ज्यांनी कधी शास्त्रीय परिषदेचे वृत्तांत वाचले असतील त्यांना हा सद्गृहस्थ अगदी ओळखीचा वाटेल.

याच्या उलट नेड लँड. कॅनडातला क्वेबेकचा माणूस, वय चाळिशीचे (म्हणजे माझ्याच वयाचा), धंदा देवमाशांना भाला मारण्याचा. 'अब्राहम लिंकन' या युद्धनौकेवर हा एकटाच असा माणूस की ज्याचा राक्षसावर विश्वास नाही. बाकी सारे दोन हजार डॉलरच्या इनामासाठी कठड्याला लोंबकळत समुद्र न्याहाळीत असतात; हा आपली पाळी संपली की खोलीत जाऊन वाचतो किंवा झोपतो. त्याचे म्हणणे साधे आहे. मी इतके देवमासे मारले, त्यांतल्या एकाच्याही दातात किंवा शिंगात पोलादी पत्रा फोडण्याचे सामर्थ्य नव्हते. प्रोफेसर त्याला पाण्याच्या दाबाचे गणित घालतात. इतक्या फुटांवर इतका दाब, म्हणून एवढ्या खोलीत राहणाऱ्या प्राण्याची हाडे केवढी बळकट असली पाहिजेत! गणित बरोबर आहे. नेड थोडा डळमळतो, आणि मग विचारतो की, असा प्राणीच जर तेथे नसेल तर? या प्रश्नावर गणिताजवळ उत्तर नाही.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ती वस्तू प्रथम दिसली नेडलाच. आणि समुद्रात फेकले गेल्यावर तिच्या पाठीवर उभा राहून, आपला भाला कातडीत का शिरला नाही हे प्रथम ओळखले तेही नेडनेच. कातडी पत्र्याची होती. दोन खंडांचा कर्ता चुकला, भाला मारणारा बरोबर निघाला. विज्ञानाच्या विजयाची गाथा ती हीच काय?

वाचक म्हणतील, मास्तर, तुम्ही तर अडाणीपणाची आरती लावली! थोडे थांबा. नेडही चुकतो, आणि भलताच चुकतो. बहामाजवळच्या समुद्रात अवाढव्य माकुलांची गोष्ट निघते, तेव्हा नेड त्यांचे अस्तित्व साफ नाकारतो. प्रोफेसरांचा नोकर कोन्सेय गंभीरपणे सांगतो की, अशा प्राण्याने जहाज ओढून नेताना मी स्वतः पाहिले आहे. कोठे? सां-मालो गावी. बंदरात? नव्हे, देवळात, भिंतीवरच्या चित्रात! नेड खो खो हसतो. मग प्रोफेसर १८६१ सालची हकीकत सांगतात. 'आलेक्तों' या फ्रेंच जहाजाला तेनेरीफजवळ असा प्राणी खरोखर आढळला, खलाशांनी त्याला दोरीचा फास टाकला, आणि शेवटी हाती शेपटीचा तुकडा तेवढा आला. ही हकीकत खरी आहे; त्या वेळी पॅरिसच्या काही विद्वानांनी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता हेही खरे आहे. त्याच्या आधी चार वर्षे, १८५७ साली, डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुपने या प्राण्याला शास्त्रीय नाव देऊन ठेवले होते. आणि जिवंत प्राणी त्याच्या स्वतःच्या घरी, खोल पाण्यात, कॅमेऱ्यात सापडला तो २००४ साली, जपानमध्ये. म्हणजे येथे देवळातले चित्र आणि खलाशांच्या गप्पा खऱ्याच्या जवळ होत्या; शंका घेणारा नेड आणि शंका घेणारे पंडित, दोघे खोटे पडले. नेड हसत असतानाच खिडकीबाहेर माकूल येऊन उभे राहते.

याच प्रकरणाशी माझी स्वतःची एक नाचक्की गुंतलेली आहे. ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

मी त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरगावी होतो. शाळेच्या शेवटच्या तासाला मी हे पुस्तक वाचून दाखवीत असे. माकुलांच्या लढाईचे प्रकरण आले. वर्ग श्वास रोखून ऐकत होता. डोक्याला चिकटलेले आठ हात, त्यांवरच्या वाट्या, पोपटाच्या चोचीसारखे तोंड. एवढ्यात मागच्या बाकावरून एक कोळ्याचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, आठ नाय, दहा."

मी म्हणालो, "पुस्तकात आठ लिहिले आहेत. बस खाली."

दुसऱ्या दिवशी तो माकूल घेऊन आला. केळीच्या पानात गुंडाळलेले, पहाटेच्या जाळ्यातले. टेबलावर ठेवून त्याने एकेक हात बाजूला केला आणि मोजून दाखविले. आठ आखूड, आणि त्यांच्या मधून निघालेले दोन लांब, टोकाशी रुंद. त्या दोन लांब हातांनीच ते भक्ष्य पकडते, हेही त्याने सांगितले. वर्ग हसू लागला. मुलाला नव्हे, मला. आणि मी, विज्ञाननिष्ठेची पोथी हातात घेतलेला मास्तर, त्याला काय म्हणालो? "वर्गात घाण करतोस? ऊठ, चल बाहेर हो!"

ज्यूल व्हर्न आठ का लिहितो, हे मी पुढे कधीतरी समजून घेतले. त्याने माकूल आणि अष्टभुज यांची गल्लत केली आहे; नाव एकाचे, हात दुसऱ्याचे. वजनही त्याने हजारो किलोंचे दिले आहे. वस्तुतः या जातींतले सर्वांत वजनदार म्हणून २००७ साली दक्षिण समुद्रात सापडले ते पाचशे किलोंच्या आतले होते. व्हर्नचा त्यात अपराध नाही. तो गोष्ट लिहीत होता. अपराध माझा. पुरावा टेबलावर पडला असता मी छापील अक्षराकडे पाहिले, आणि त्या वेळी माझ्यात आणि पोथीतले ग्रहण पाहून आंघोळीला पळणाऱ्या म्हातारीत काय फरक होता ते मला सांगता येत नाही. म्हातारीने निदान कोणाला वर्गाबाहेर काढले नसते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, हे पुस्तक श्रद्धा विरुद्ध शंका असा सामना मांडीतच नाही. शंका कोणावर घ्यायची, हा त्याचा प्रश्न आहे. आणि या प्रश्नात प्रोफेसर आरोनाक्स सपशेल नापास होतात.

अटलांटिसचेच पाहा. समुद्राच्या तळाशी कॅप्टन निमो त्यांना एक बुडालेले शहर दाखवितो. अटलांटिस ही निव्वळ दंतकथा, असे म्हणणाऱ्या पंडितांची भली मोठी यादी प्रोफेसरांना पाठ आहे. हुंबोल्टसारखी नावे तीत आहेत. पण निमो खडूने एका काळ्या दगडावर एकच शब्द लिहितो, आणि सारी यादी पाण्यात विरघळते. वर्गात फळ्यावर मास्तर लिहितो आणि मुले मान डोलावतात, तसे हे डोलावतात. उलट, सुएझखालच्या बोगद्याची गोष्ट घ्या. तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्रात जाणारा गुप्त मार्ग असावा असा निमोला संशय येतो. तो सुएझकडे मासे पकडतो, त्यांच्या शेपटीत तांब्याची कडी अडकवून सोडून देतो, आणि काही महिन्यांनी सिरियाच्या किनाऱ्यावर तशी कडी असलेले मासे त्याला सापडतात. किती सुरेख प्रयोग! संशय, कसोटी, पडताळा, सारे यथासांग. फक्त जगात तो बोगदा नाही. (सुएझचा कालवा मात्र कादंबरी मासिकातून क्रमशः येत असतानाच, १८६९ साली, उघडला.) पद्धत शुद्ध असली म्हणजे निष्कर्ष खरा, असे मानणारांनी या कडीवाल्या माशांचा थोडा विचार करावा.

पण हे झाले माशांचे आणि दगडांचे. माणसाबद्दल शंका घेण्याची वेळ येते तेव्हा प्रोफेसरांचे काय होते? निमो पहिल्याच दिवसांत सांगतो की येथून सुटका नाही. नेड तेथल्या तेथे बजावतो की, पळून जाणार नाही असे वचन मी देणार नाही. प्रोफेसरांना बारा हजार ग्रंथांचे वाचनालय आणि खिडकीबाहेरचे मासे मिळतात आणि ते कैदी आहेत हे विसरतात. एके दिवशी जेवणात गुंगीचे औषध घालून तिघांना झोपवितात. दुसऱ्या दिवशी डोके फुटलेला खलाशी तपासायला प्रोफेसरांना नेतात. ते कारण विचारतात, उडवाउडवीचे उत्तर मिळते, आणि ते गप्प बसतात. खलाशी मरतो, पोवळ्यांच्या रानात त्याला पुरतात, आणि प्रोफेसर पोवळ्यांचे वर्णन करतात. किती हुशार माणूस! जगातल्या प्रत्येक शंखाचे कूळ त्याला ठाऊक आहे. आपल्या यजमानाच्या हातावरचे रक्त कोणाचे, एवढेच त्याला विचारायचे नाही. नेड पळण्याची योजना आखतो, हे ती पुढे ढकलतात. अजून हा समुद्र पाहायचा राहिला, अजून तो पाहायचा राहिला. शेवटी जूनमध्ये निमो स्वतःच न्यायाधीश होऊन एक युद्धनौका फोडतो, आणि काचेच्या खिडकीतून प्रोफेसर माणसे बुडताना पाहतात, तेव्हा कोठे त्यांचे डोळे उघडतात. तेही पुरते नाहीत. अखेरच्या पानावरही त्यांची आशा अशी की, निमोतला सूड घेणारा मावळावा आणि त्याच्यातल्या पंडिताने आपले संशोधन सुखाने चालू ठेवावे!

नेड लँडचे मन यापेक्षा मोठे आहे. त्याला निमोवर पहिल्या दिवसापासून भरवसा नाही. तरी मन्नारच्या आखातात शार्क निमोवर चालून येते तेव्हा भाला मारून त्याला वाचवितो नेडच. पुढे माकुलाच्या चोचीतून नेडला सोडवून निमो ते ऋण फेडतो. म्हणजे संशय आणि माणुसकी यांचे वैर नाही, हे त्या भालेवाल्याला कळत होते. वर्गात मात्र आपण त्याला हसतो, कारण तो सारखा मांस खायला मागतो. मीच एकदा परीक्षेत प्रश्न काढला होता, 'नेड लँडचे स्वभावचित्र रेखाटा', आणि 'अडाणी, तापट, पण शूर' या उत्तराला पुरे गुण दिले होते.

पाहुण्यांच्या उलट बाजूचीही एक जात आहे, तिलाही सोडता येत नाही. हे सज्जन म्हणतात की, पाहा, एवढा विज्ञानवीर निमो, पण शेवटी गुडघे टेकून रडला, देवाला हाक मारली; नास्तिकाचा पश्चात्ताप! पुढे 'रहस्यमय बेट' या १८७५ साली पुऱ्या झालेल्या कादंबरीत निमो मरताना देव आणि देश यांचे नाव घेतो, हेही ते सांगतात. त्यांना माहीत नसते की, व्हर्नच्या हस्तलिखितात त्या जागी शब्द होता 'स्वातंत्र्य'. देव घातला तो प्रकाशक हेट्झेल याने. याच प्रकाशकाने निमोची जातही बदलायला लावली. व्हर्नला तो पोलंडचा हवा होता, १८६३ सालच्या उठावात रशियाने ज्याचे घरदार चिरडले असा. रशियात पुस्तके खपतात, म्हणून हेट्झेल नको म्हणाला, आणि पहिल्या कादंबरीत निमोला देशच उरला नाही. नंतर तो झाला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावातला वीर, आणि टिपू सुलतानाचा पुतण्या की भाचा. फ्रेंचमध्ये दोघांना एकच शब्द आहे, मराठीत त्याचा निकाल लावल्याशिवाय भागत नाही. म्हैसूरचे घराणे बुंदेलखंडात कसे उगवले, हे कोणी विचारू नये. झाशी तिकडेच, म्हणून आमचे वक्ते निमो आपलाच म्हणून छाती फुगवितात. फुगवावी, मलाही तो कोलंबोच्या बाजूच्या पाणबुड्या मोतीवाल्याला मोत्यांची पिशवी देतो तेव्हा भरून येते, आणि ते मूळ कादंबरीतलेच आहे. पण ज्याची जन्मभूमी आणि ज्याचे अखेरचे शब्द एका दुकानदाराच्या टेबलावर ठरले, त्याच्या मरणावरून देवाचे अस्तित्व सिद्ध करू नये. इंग्रजीत तर हे पुस्तक प्रथम नेले एका पाद्र्याने, १८७२ च्या सुमारास, आणि सुमारे पाचवा हिस्सा गाळून. निमोच्या खोलीतल्या भिंतीवरच्या तसबिरी, कोशियुश्कोपासून जॉन ब्राऊनपर्यंत, साऱ्या त्याने उतरवून ठेवल्या. ते भाषांतर पुढे जगभर छापले गेले. कोणत्या पोथीवर आपण वाद घालतो ते तरी आधी पाहावे!

त्या कोळ्याच्या मुलाने पुढे शाळा सोडली. माझ्यामुळे सोडली असे म्हणण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. बापाला होडीवर माणूस हवे होते. दोन वर्षांपूर्वी मी त्या गावी गेलो असता तो धक्क्यावर भेटला. जाळे विणीत बसला होता. मी ओळखले नाही, त्याने ओळखले. माकुलाचा विषय मीच काढला आणि चूक कबूल केली. तो हसला. म्हणाला, "त्यात काय, गुरुजी? पण ते बाहेर काढलंत ना, म्हणून पुढलं ऐकायला नाही मिळालं. त्या नेडचं काय झालं?"

मी म्हणालो, "सुटला. नॉर्वेजवळ भोवऱ्यात बोट सापडली, आणि शुद्धीवर आला तेव्हा एका कोळ्याच्या झोपडीत होता."

"कोळ्याच्या?"

"होय."

त्याने सुई दातांत धरली, दोरा ओढून गाठ मारली, आणि म्हणाला, "मग जेवला असेल पोटभर."